सर्व्हिसिंग करूनही एचएमटी मागे पडतंय? रेग्युलेटरला हात लावण्याआधी हे तपासा

चावीचं एचएमटी सर्व्हिसिंगहून घरी येतं, दोन-तीन आठवडे छान चालतं आणि मग रोज चार-पाच मिनिटं मागे पडायला लागतं. दुकानात परत नेलं की मागचं झाकण उघडतं, बॅलन्स म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ ठरवणारं चाक, त्याच्याजवळची एक बारीक पट्टी काडीने सरकवली जाते आणि पाच मिनिटांत घड्याळ हातात येतं. महिन्याभरात पुन्हा तेच. कधी मागे, कधी एकदम पुढे. वडिलांचं किंवा आजोबांचं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ मोठ्या हौसेने वापरायला काढलेले अनेक जण याच फेऱ्यात अडकतात आणि शेवटी ‘जुनं झालं आता’ म्हणून ते कपाटात ठेवून देतात. हे मला पटत नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या कारखान्यातली ही सतरा ज्वेलची (चाकांच्या अण्या ज्यांत फिरतात त्या खड्यांची) मशीनं साधी आणि दणकट आहेत. नीट साफ केली, तेल योग्य जागी दिलं तर ती आजही वेळ पाळतात.

ती बारीक पट्टी म्हणजे रेग्युलेटर. बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगची, म्हणजे हेअरस्प्रिंगची, चालती लांबी तो कमी-जास्त करतो. लांबी कमी झाली की घड्याळ पुढे जातं, वाढली की मागे पडतं. पण रेग्युलेटर सहसा आपोआप सरकत नाही. गेल्या महिन्यात बरोबर चालणारं घड्याळ आज चुकत असेल, तर रेग्युलेटर गेल्या महिन्याच्याच जागी आहे आणि बदललंय ते दुसरंच काहीतरी. ते न शोधता पट्टी सरकवणं म्हणजे तापाचं कारण न बघता ताप उतरवायची गोळी देणं. म्हणून खाली जे सांगतोय त्यात रेग्युलेटर सगळ्यात शेवटी येतो.

आधी ठरवा, बिघाड खरंच आहे का

दिवसाचे ८६,४०० सेकंद. या मशीनचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. रोज अर्धा मिनिट मागे पडणारं घड्याळ या सव्वाचार लाखांहून जास्त ठोक्यांत फक्त दीडशे ठोके कमी देतं. स्विस क्रोनोमीटरच्या (अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाच्या) चाचणीत सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच मुभा असते. पण तो वेगळा वर्ग झाला. सेकोचं लोकप्रिय ७एस२६ मशीन घ्या, त्याच्यासाठी खुद्द कंपनीने दिलेली मर्यादा उणे २० ते अधिक ४० सेकंद होती. चाळीस-पन्नास वर्षांच्या एचएमटीने अर्ध्या मिनिटाच्या आत राहावं, ही अपेक्षा रास्त आहे. मिनिटभर चूक असेल तर सर्व्हिसिंगची वेळ जवळ आली असं समजा. दोन मिनिटांच्या पुढे गेली की आत नक्की काहीतरी आहे.

मोजायचं कसं? रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी पूर्ण द्या. ‘पूर्ण’ म्हणजे चावी अडेपर्यंत. ‘जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते’ या भीतीने अर्धीच चावी देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची घड्याळं केवळ तेवढ्यामुळे रात्रीपर्यंत ढेपाळतात. अडल्यावर जोर लावायचा नाही, एवढंच पथ्य. ‘जनता’मध्ये सहसा चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, त्यामुळे वेळ सेकंदावर जुळवायच्या खटपटीत पडू नका. सेकंद काटा बारावर आला की मोबाइलवरची वेळ बघा आणि फरक वहीत लिहा. काटे न हलवता निदान चार-पाच दिवस हे करा.

चूक किती आहे यापेक्षा ती कशी आहे, हे या नोंदींतून कळतं. रोज नेमाने दोन-दोन मिनिटं मागे, हा एक प्रकार. एक दिवस दहा सेकंद, दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं, हा अगदी वेगळा. दुसऱ्या प्रकारात घड्याळ बहुधा हळू चालत नसून मध्येच थांबतं आणि हात हलला की पुन्हा सुरू होतं, किंवा काटे घसरतात. रेग्युलेटरने यातलं काहीही सुटणार नाही.

काटे घसरणं: सगळ्यात जास्त हुकणारं निदान

याला मी जास्त जागा देतोय, कारण एचएमटीच्या ‘मागे पडतंय’ तक्रारीत हे वारंवार निघतं आणि तितक्याच वारंवार कुणाच्या लक्षात येत नाही.

मशीन आणि मिनिट काटा यांच्यात जाणीवपूर्वक ठेवलेली एक सरकती पकड असते. ती असते म्हणून चावी ओढून काटे फिरवता येतात आणि आतली चाकं तुटत नाहीत. बऱ्याच मशीनमध्ये ही पकड कॅनन पिनियनमध्ये असते, म्हणजे मिनिट काटा ज्या नळीवर बसतो तिच्यात. काहींत ती डायलखालच्या दुसऱ्या चाकावर असते. वर्षानुवर्षं काटे फिरवून ती झिजते, किंवा सर्व्हिसिंगमध्ये तिथे नको तितकं तेल जातं आणि ती सुटते. मग मशीन बिनचूक चालतं, पण काट्यांपर्यंत गती पूर्ण पोचत नाही.

ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. सेकंद काटा बारावर असताना मिनिट काटा बरोबर एका मिनिटाच्या खुणेवर येईल असा लावा. संध्याकाळी पुन्हा बघा. सेकंद काटा बारावर आला तेव्हा मिनिट काटाही बरोबर खुणेवर असेल तर पकड ठीक आहे. तो दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असेल तर दोन काट्यांचं नातं सुटलंय, म्हणजे काटे घसरतायत. काटे फिरवताना चावी अगदी हलकी, लोण्यासारखी फिरत असेल तर शंका पक्की.

उपाय सोपा आहे, पण हात सरावाचा हवा. नळीत सुईसारखी गोल तार घालून बाहेरून हलकासा दाब द्यायचा, म्हणजे नळी चेपत नाही आणि पकड परत येते. नंतर तिथे ग्रीसचा नावापुरता अंश. दुकानात देताना ‘मागे पडतंय’ म्हणू नका, ‘काटे घसरतायत, कॅनन पिनियन बघा’ असं स्पष्ट सांगा. काम वेगळंच होतं.

अचानक पुढे पळायला लागलं तर

काल ठीक होतं आणि आज पाच, दहा, वीस मिनिटं पुढे. पहिला संशय चुंबकावर घ्या. हेअरस्प्रिंगचे वेटोळे चुंबकीय झाले की एकमेकांना चिकटू पाहतात, स्प्रिंगची चालती लांबी कमी होते आणि बॅलन्स घाईने झुलतो. हल्ली घरात चुंबक कुठे नाही? ब्लूटूथ स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, मोबाइलचा स्पीकर. रात्री घड्याळ नेमकं यांच्याच शेजारी ठेवलं जातं.

खरी सुई असलेलं होकायंत्र घ्या. मोबाइलमधल्या होकायंत्राचा इथे फारसा भरवसा नाही, कारण मोबाइलमध्ये स्वतःचेच चुंबक असतात. घड्याळ हळूहळू सुईजवळ न्या आणि जागच्या जागी फिरवा. सुई एका बाजूने ओढली जाऊन दुसऱ्या बाजूने ढकलली जात असेल तर चुंबकत्व आहे. नुसतीच दोन्हीकडून थोडी ओढली जात असेल तर ते केसमधलं साधं पोलाद असू शकतं.

चुंबकत्व काढणारं यंत्र, म्हणजे डीमॅग्नेटायझर, स्वस्तात मिळतो, बहुतेक दुकानांत असतोही. वापरताना एकच गोष्ट सांभाळा: घड्याळ त्यावर धरून बटण दाबा, बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. घड्याळ यंत्रावर असताना बटण सोडलं तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व बसू शकतं.

चुंबक नसेल तर हेअरस्प्रिंगवर तेल आहे का ते बघावं लागतं. या स्प्रिंगला तेल कधीच, कुठल्याही परिस्थितीत लागत नाही. मशीनमध्ये मोकळ्या हाताने तेल ओतलं गेलं असेल तर ते हळूहळू पसरत तिथे पोचतं आणि वेटोळे चिकटतात. सर्व्हिसिंगनंतर दोन-तीन आठवड्यांनीच बिघाड का होतो, याचं एक खरं उत्तर हे आहे. तिसरी शक्यता धक्क्याची. घड्याळ पडलं आणि स्प्रिंगचा एखादा वेटोळा रेग्युलेटरच्या पिनेत (स्प्रिंग अशा दोन पिनांमधून जाते) अडकला, तर चूक तासाला काही मिनिटं इतकीही होऊ शकते. भिंगातून लगेच दिसतं.

मागे पडतंय, सकाळी ठीक आणि रात्री वाईट

इथे बॅलन्सचा झोका कमी पडतोय. झोका म्हणजे बॅलन्स मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती अंशांपर्यंत जातो ते. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, तो २७० ते ३१० अंश असणं उत्तम. जुन्या एचएमटीत २५० मिळाले तरी मी समाधानी असतो. २०० च्या खाली गेला की वेळेची हमी संपते. त्यात रेग्युलेटरच्या दोन पिनांमधली फट जास्त असेल तर झोका कमी होताच घड्याळ मागे पडायला लागतं.

घरच्या घरी परीक्षा अशी: पूर्ण चावी द्या आणि घड्याळ थांबेपर्यंत तसंच ठेवा. निदान दीड दिवस चालायला हवं. चोवीस तासही निघत नसतील तर बॅरल, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग (मेनस्प्रिंग) ज्यात असते तो डबा, उघडायलाच हवा. जुनी पोलादी मेनस्प्रिंग कालांतराने मरते. बाहेर काढल्यावर ती उलगडून ऐसपैस पसरायला हवी. तशी न पसरता आकसून छोट्या गोळ्यातच राहत असेल तर तिला पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. आणि ‘सर्व्हिसिंग’मध्ये सर्वात जास्त वेळा न उघडलेला भाग कुठला, तर हाच बॅरल.

जागा बदलली की वेळ बदलते

रात्री टेबलावर आडवं ठेवलं की बरोबर, मनगटावर चुकतं. किंवा उलट. नोंदी ठेवताना एक रात्र डायल वर, एक रात्र डायल खाली, एक रात्र चावी वर करून उभं ठेवा. डायल वर आणि डायल खाली यांतच मोठा फरक असेल तर बॅलन्सच्या दोन टोकांपैकी एकाची अणी झिजली आहे किंवा तिथला ज्वेल खराब आहे. आडवं आणि उभं यांत फरक असेल तर बॅलन्सचं वजन सर्व बाजूंनी सारखं नाही, किंवा हेअरस्प्रिंग मध्यावर नाही. थोडा फरक प्रत्येक घड्याळात असतो, आणि त्याचा उपयोगही करून घेता येतो. दिवसा वीस सेकंद मागे पडणारं घड्याळ रात्री ज्या स्थितीत पुढे जातं त्या स्थितीत ठेवलं, तर चूक बरीचशी भरून निघते. चावीची घड्याळं वापरणाऱ्यांची ही जुनी रीत आहे आणि ती अगदी योग्य आहे.

काच आणि काटे

काच बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर आधी इकडे बघा. बदललेली प्लास्टिकची काच मूळ काचेपेक्षा कमी फुगीर असली की सेकंद काट्याचं टोक किंवा मध्यभाग तिला घासतो. घड्याळ ठरावीक जागीच अडखळत असेल, किंवा तास काटा आणि मिनिट काटा एकमेकांवर येतात तेव्हाच थांबत असेल, तर काटे एकमेकांना किंवा काचेला लागतायत. बाजूने, डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं की दिसतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर थांबू नका, त्याच आठवड्यात उघडून घ्या. ओलीमुळे पहिला गंज चावीच्या दांडीला धरतो आणि त्याची लाल पूड मशीनभर फिरते.

टाइमग्राफर काय सांगतो

घड्याळाचा आवाज ऐकून वेग, झोका आणि टिक-टॉकमधला फरक दाखवणारं हे यंत्र आता बऱ्याच हौशी लोकांकडेही असतं. मोबाइलवरची ॲप्सही शांत खोलीत वेग बऱ्यापैकी सांगतात, झोक्याच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर विसंबू नका. यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्याचा धक्का मिळताना बॅलन्स जितका फिरतो तो कोन) आधीच ५२ अंशांवर लावलेला असतो. तुमच्या मशीनचा वेगळा असेल तर झोक्याचा आकडा चुकेल, वेगाचा नाही.

आकड्यांपेक्षा मी आधी रेघ बघतो. सरळ, एकसंध रेघ म्हणजे मशीन निरोगी. दोन समांतर रेघा म्हणजे टिक आणि टॉक सारखे नाहीत. हा फरक एक मिलिसेकंदाच्या आत असला की पुरे. रेघ लाटांसारखी वर-खाली होत असेल तर एखाद्या चाकाचे दात घाण किंवा वाकडे. नुसते ठिपके विखुरले असतील तर घाण, चुंबक किंवा कुठेतरी घासणारी हेअरस्प्रिंग. आणि झोका ३३० च्या वर जाऊन घड्याळ भयंकर पुढे पळत असेल तर कुणीतरी गरजेपेक्षा ताकदवान मेनस्प्रिंग घातली आहे.

सर्व्हिसिंग म्हणजे नक्की काय

अख्खं मशीन न उघडता पेट्रोलमध्ये बुडवून काढायचं, वाऱ्यावर वाळवायचं आणि वरून तेल द्यायचं, याला सर्व्हिसिंग म्हणू नये. सुटलेली घाण ज्वेलच्या भोकांतच जाऊन बसते, नवं तेल तिच्यात मिसळतं आणि दोन महिन्यांत गाळ तयार होतो. देण्याआधी तीन प्रश्न विचारा. बॅरल उघडणार का? बॅलन्सचे पॅराशॉकमधले (धक्का झेलणाऱ्या बैठकीतले) टोपी-ज्वेल, म्हणजे अणीच्या टोकावरचे खडे, काढून साफ करणार का? पॅलेटच्या, म्हणजे चाकं ठोक्यागणिक अडवून-सोडून बॅलन्सला धक्का देणाऱ्या भागाच्या, खड्यांना वेगळं तेल देणार का? ज्या घड्याळवाल्यांकडे याची उत्तरं तयार असतात त्यांना दोन पैसे जास्त द्या आणि घाई करू नका. हे दिवसभराचं काम आहे.

स्वतः शिकायचं असेल तर घरातल्या आठवणीच्या घड्याळावर शिकू नका, भंगारातलं बंद मशीन घ्या. सुरुवात मेनस्प्रिंगची ताकद सोडण्यापासून: क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) बाजूला करून चावी बोटांनी धरून हळूहळू सुटू द्यायची. ताकद असताना पॅलेट काढला तर चाकं सुसाट फिरतात आणि दात किंवा अण्या तुटतात. पॅलेट आणि बॅलन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका. त्यांचे खडे शेलॅकने बसवलेले असतात आणि अल्कोहोलमध्ये शेलॅक विरघळतं. लायटरचं पेट्रोल चालतं, मात्र खिडकी उघडी आणि जवळ कुठलीही ज्योत नको. पॅराशॉकची इवलीशी स्प्रिंग उडाली की सापडत नाही, म्हणून ती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काढावी.

तेल एकच नसतं. वेगवान चाकांना आणि बॅलन्सला मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं पातळ, जास्त दाबाच्या संथ चाकांना डी५ सारखं जाड, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. पॅलेटच्या अण्या कोरड्याच ठेवायच्या. टोपी-ज्वेलवर तेलाचा थेंब ज्वेलच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा जास्त पसरलेला दिसावा, त्यापलीकडे नाही. कमी तेलाने घड्याळ झिजतं, जास्त तेलाने ते लगेच बिघडतं.

आता रेग्युलेटर

झाकण उघडल्यावर माझी पहिली नजर त्याच्यावरच जाते. तो पार एका टोकाला ढकललेला असेल तर आधी कुणीतरी दुखणं दाबलंय. साफसफाईनंतर तो मध्यावर आणा, घड्याळ एक-दोन दिवस चालू द्या आणि मग पूर्ण चावीवर, आडवं आणि उभं अशा दोन्ही स्थितींत मोजून अगदी केसभर सरकवा. अधिकच्या खुणेकडे सरकवलं की पुढे, उण्याकडे की मागे. लाकडी काडी वापरा. स्क्रू ड्रायव्हर निसटला तर हेअरस्प्रिंग गेलीच. प्रत्येक बदलानंतर पुढचे चोवीस तास हात लावायचा नाही.

एवढं सगळं करूनही वेळ हाताशी येत नसेल, रेग्युलेटर टोकाला नेऊनही चूक उरत असेल, तर बॅलन्स मूळचा आहे का ते बघा. बॅलन्स आणि त्याची हेअरस्प्रिंग कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली जोडी असते. संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखली जाणारी, चार घड्याळांचे भाग जोडून आणि डायल नवा रंगवून विकली जाणारी एचएमटी घेतली असेल, तर आत कुणाचा बॅलन्स आणि कुणाची स्प्रिंग हे सांगता येत नाही. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे सुट्या भागांसाठी आता मुख्य आधार दुसऱ्या जुन्या मशीनचाच. असा बॅलन्स घ्यायचा तर सुटं चाक घेऊ नका. त्याच नंबरच्या मशीनमधून हेअरस्प्रिंग आणि वरच्या ब्रिजसकट अख्खा घ्या, बसवण्याआधी हेअरस्प्रिंगचे वेटोळे सपाट आणि सारख्या अंतरावर आहेत का ते भिंगातून बघा, आणि दुकानदाराला त्याच्या मूळ मशीनमध्ये तो झुलताना दाखवायला सांगा.